बागेची विचारपूस : अकॅन्थसची मुळं, अबोलीची बोंडं

गेल्या अंकात मुलीच्या इंग्लंडमधल्या, ब्रिस्टलच्या बागेबद्दल लिहिताना मी अकॅन्थसवर चार ओळी लिहिल्या होत्या. आजवर या सदरात एखाद्या झाडावर इतकी पत्रं आली नव्हती. रत्नागिरीला कॉलेजात एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि आता दर वर्षी मे ते ऑगस्ट त्या बागेत मातीत हात घालते. त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं माहीत आहे. पाच पत्रांना उत्तरं देते. पत्रं जागेअभावी आखडती घेतली आहेत.

नमस्कार बाई. तीन वर्षांपूर्वी आम्ही रेडिंगला घर घेतलं. मागच्या भिंतीच्या उत्तर बाजूला हातभर लांब, गडद हिरव्या, चकचकीत पानांचं झाड आहे. शेजारच्या आजींनी अकॅन्थस असं नाव सांगितलं. त्यांच्याकडे जुलैत पुरुषभर उंच तुरे येतात, आमच्याकडे तीन वर्षांत एकही नाही. ऑगस्टमध्ये पानांवर पीठ सांडल्यासारखं होतं आणि जानेवारीत पानं काळी पडून लोळतात. आमचं काय चुकतंय? – एक वाचक, रेडिंग

तुमचं काही चुकलेलं नाही. झाड लावलं तेव्हा ज्याने जागा निवडली, त्याने पानांसाठी निवडली, फुलांसाठी नाही.

हा अकॅन्थस मॉलिस. अकॅन्था म्हणजे ग्रीकमध्ये काटा आणि मॉलिस म्हणजे लॅटिनमध्ये मऊ. नावातच विरोध आहे, पण पान हातात घेतलंत की पटेल. कातरलेलं, टोकदार दिसतं, बोट फिरवलं की मऊ लागतं. काटे आहेत ते तुऱ्यात, फुलाखालच्या छदांना, म्हणजे तिथल्या छोट्या पानांना. वाळलेला तुरा कापताना हातमोजे घालाच. पहिल्या वर्षी मी घातले नाहीत आणि दोन दिवस पोळ्या लाटताना तळवा चुरचुरत होता.

मूळचा हा भूमध्य समुद्राकाठचा. तिथे उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. म्हणून त्याचं वेळापत्रक आपल्या झाडांच्या उलटं आहे. शरद ऋतूत पहिला पाऊस पडला की पानं फुटतात, थंडीत तो वाढतो, वसंतात भरतो, उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलतो आणि कडक कोरड्या उन्हात पानं टाकून जमिनीखाली निजतो. इंग्लंडमध्ये उन्हाळा तेवढा कोरडा नसतो, म्हणून तिथे तो बहुतेक वर्षभर हिरवा दिसतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये फुलतो. पण फुलण्यासाठी त्याला ऊन हवंच. सावलीत तो जगतो, उलट पानं जास्त मोठी आणि जास्त काळी-हिरवी होतात, पण तुरा काढायला लागणारा साठा मुळांत जमत नाही.

मुलीच्या बागेत अकॅन्थसच्या दोन जाळ्या, म्हणजे दोन दाट पुंजके आहेत. एक पश्चिमेकडे तोंड केलेल्या भिंतीखाली, तिला दुपारचं पाच-सहा तास ऊन मिळतं. दुसरी नाशपातीच्या झाडाखाली. गेल्या जुलैत पहिलीला अकरा तुरे आले, दुसरीला दोन. माती तीच, खत तेच, हात तोच.

तेव्हा आहे ती जाळी हलवू नका. का हलवू नका ते पुढच्या पत्राच्या उत्तरात येईलच. तिच्या कडेचं एखादं पोर मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये मुळासकट काढा आणि उन्हाच्या जागी लावा. जागा निवडताना सावकाश विचार करा, कारण तिथून तो पुन्हा जाणार नाही. चहूबाजूंनी हात-दीड हात मोकळा ठेवा, माती खोल भुसभुशीत हवी आणि हिवाळ्यात पाणी साचता कामा नये. थंडीपेक्षा थंडीतला चिखल त्याला जास्त मारतो. लावल्यावर पहिला उन्हाळा नेमाने पाणी द्या. एकदा मूळ खाली गेलं की पाण्यासाठी तो तुमच्याकडे बघत नाही. फुलाची वाट मात्र दोन-तीन वर्षं बघावी लागेल. घाईने नत्राचं खत ओतू नका, त्याने पानंच माजतात. वसंतात कुजलेल्या कंपोस्टचा दोन बोटं थर बुडाभोवती पसरा, तेवढं पुरतं.

पानांवरचं पीठ म्हणजे भुरी. द्राक्षावर, काकडीवर, गुलाबावर येतो तसलाच बुरशीचा रोग. वर हवा दमट आणि कोंदट, खाली माती कोरडी, असं झालं की ती धरते. भिंतीचा आडोसा आणि ऑगस्ट, दोन्ही तिच्या सोयीचे. पानांवर पाणी मारू नका, बुडात द्या, आठवड्यातून एकदा पण भरपूर. जुनी, दाट पानं बुडापासून कापून वारा खेळेल एवढी मोकळीक करा. आणि भुरी फार झाली तर घाबरू नका, सगळी पानं जमिनीलगत कापून टाका आणि पाणी द्या. मुळांत ताकद असते, तीन-चार आठवड्यांत नवी, स्वच्छ पानं वर येतात. मुलगी पहिल्यांदा हे बघून हळहळली होती, आता ती स्वतःच कात्री घेऊन येते.

काळी पडलेली पानं थंडीने मेली, झाड नाही. ती वसंतापर्यंत तशीच राहू द्या, बुडावर पांघरूण होतात. नवं लावलेलं रोप असेल तर पहिले दोन हिवाळे त्याच्या बुडावर पालापाचोळ्याचं किंवा सालींचं आच्छादन घाला. मार्चमध्ये जुनं काढा आणि त्याच दिवसापासून संध्याकाळी टॉर्च घेऊन फेरी मारा, कारण कोवळी पानं गोगलगायींना फार आवडतात, शंखाच्या आणि बिनशंखाच्या दोन्ही. एका ओल्या रात्री त्या पानाची जाळी करतात. मी हातानेच वेचते. गोळ्या टाकत नाही, बागेत साळिंदरासारखे काटे असलेला तो छोटा हेजहॉग येतो आणि तो या गोगलगायी खातो.

तुरे आले की एक गोष्ट करा. एक फूल जवळून बघा. वर जांभळट टोपी दिसते ती पाकळी नाही, निदल आहे, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारं पान. पांढरी, जांभळ्या शिरांची, तीन पाळ्यांची एकच जीभ खाली लोंबते. वरचा ओठ या फुलाला नाहीच, त्याचं छपराचं काम निदलाने उचललं आहे. आत चार पुंकेसर ताठ दांड्यांवर दाराला अडसर लावल्यासारखे उभे असतात. लहान माशीला ते हलत नाहीत. केसाळ, जाडजूड बंबलबी येते, खांदा लावून आत घुसते आणि पाठीवर पराग घेऊन बाहेर पडते. पावसाळी दिवशी एखादी त्या टोपीखाली नुसतीच बसून राहिलेली मी पाहिली आहे.

बाई, लेस्टरच्या घरी बागेच्या मधोमध अकॅन्थस होता. तो आम्ही खणून पुढच्या अंगणात नेला, तिथे तो छान लागला. पण जुन्या जागी त्या वर्षी वीसेक नवी रोपं उगवली. ती उपटली, पुन्हा आली. शेवटी यजमानांनी तिथे फरशी टाकून वर मोठी कुंडी ठेवली. आता फरशीच्या चारी कडांनी पानं बाहेर येताहेत. हा प्रकार थांबवायचा कसा? – सौ. क. जो., लेस्टर

तुमच्या यजमानांनी जे केलं ते अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये कोणीतरी नकळत केलं होतं. विट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुकाराने ही गोष्ट लिहून ठेवली आहे. कोरिंथ गावात एक लग्नाच्या वयाची मुलगी आजारी पडून गेली. तिच्या दाईने मुलीच्या आवडीच्या चार चिजा एका टोपलीत भरल्या, टोपली तिच्या थडग्यावर ठेवली आणि पावसापाण्याने खराब होऊ नये म्हणून वर एक कौल घातलं. टोपली नेमकी अकॅन्थसच्या मुळावर बसली होती. वसंतात पानं फुटली, टोपलीच्या बाजूंनी वर चढली, कौलाच्या कोपऱ्यांना अडली आणि बाहेरच्या बाजूला वळली. कॅलिमाकस नावाच्या शिल्पकाराने जाता जाता ते पाहिलं आणि त्यावरून खांबाचा नवा माथा घडवला. कोरिंथियन खांब म्हणतात तो हा. गांधार शैलीतल्या बौद्ध शिल्पांत हीच पानं कोरलेले खांब सापडतात, काही ठिकाणी तर पानांच्या मधोमध बुद्धाची छोटी मूर्ती बसवलेली असते. एवढ्या लांबवर हे पान येऊन पोचलं.

गोष्ट खरी की रचलेली यावर विद्वान बोलोत. पण ती सांगणाऱ्याला अकॅन्थस चांगला माहीत होता, याबद्दल बागेत काम करणाऱ्या कोणालाही शंका येणार नाही. वर ओझं ठेवून हे झाड थांबत नाही.

कारण असं की त्याची मुळं जाड, मांसल, ठिसूळ असतात आणि खोल जातात. खणताना ती कडकन मोडतात. प्रत्येक तुकड्यात अन्न साठलेलं असतं आणि प्रत्येक तुकडा नवा कोंब काढू शकतो. तुम्ही एक झाड हलवलं आणि मागे वीस तुकडे ठेवून गेलात. आम्हीही तेच केलं. ती जागा पूर्ण मोकळी व्हायला चार वर्षं लागली, म्हणून खात्रीने सांगते.

फरशी उचला. कोंब दिसू देत, म्हणजे खाली तुकडा कुठे आहे ते कळेल. प्रत्येक कोंबाशेजारी काटेखोरं उभं रोवून माती सैल करा आणि तुकडा अख्खा ओढून काढा. वरचं पान तोडू नका, ते तुमचं निशाण आहे. कोरड्या दिवसांत करा, ओल्या चिकणमातीत मुळं जास्त तुटतात. काढलेली मुळं कंपोस्टच्या ढिगावर टाकायची नाहीत, तिथे ती खुशाल रुजतात. मी ती उन्हात पत्र्यावर पसरून कडकडीत वाळवते आणि मग कचऱ्यात देते. मोठं मूळ खोल गेलं असेल आणि हाती लागत नसेल, तर दर वेळी कोंब दोन-तीन बोटांचा झाला की कापत राहा. पान उघडूच द्यायचं नाही. आतला साठा खर्च होत जातो, भरत नाही. किंवा जाड काळं कापड, ज्यातून उजेड अजिबात जात नाही असं, जागेच्या कडेपासून हात-दीड हात बाहेरपर्यंत घालून दोन वर्षं ठेवा. तुमची फरशी म्हणूनच हरली, ती लहान होती आणि कडांना उजेड होता. काहीजण पानांवर ग्लायफोसेट हे तणनाशक लावतात. त्याने काम होतं, पण तुम्ही लिहिलंय की शेजारीच मेथी-कोथिंबिरीचा वाफा आहे. मी लावलं नसतं.

आणि ज्यांना हे झाड वाढवायचं आहे त्यांनी यातूनच धडा घ्यावा. रोपं विकत घ्यायची गरज नाही. नोव्हेंबर ते जानेवारीत, झाड मंद असताना, कडेने खणून पेन्सिलीएवढ्या जाडीची दोन मुळं घ्या. बोटभर लांबीचे तुकडे करा. मुळाचा वरचा भाग कुठला ते विसरू नये म्हणून वरचा काप आडवा आणि खालचा तिरपा द्या. वाळू मिसळलेल्या मातीत उभे खोचा, डोकं मातीबरोबर, वर बोटाच्या पेराएवढी जाड रेती. थंड पण दंव न पडणाऱ्या जागी ठेवा आणि पाणी बेताने. वसंतात कोंब येतात. दहा तुकड्यांतले सात-आठ लागतात, माझे तरी लागले. काहीजण बियांपासून करतात, तीही रुजतात, पण फुलायला तीन वर्षं आणि पिवळ्या किंवा चितकबऱ्या पानांच्या जातींची संतती बीपासून तशीच निघेल याचा भरवसा नाही.

ऑकलंडला आमच्या घरामागे ओहोळ आहे. त्याच्या उतारावर अकॅन्थस आपोआप वाढतोय आणि दिसायला अतिशय सुंदर आहे. बाकी तिथे काहीच टिकत नाही. राहू द्यावा का? – म. स., ऑकलंड

राहू देऊ नका. न्यूझीलंडमध्ये तो बागेबाहेर पसरून तण झाला आहे. सावलीत दाट पानांचं छत्र करतो आणि खालची देशी रोपं उजेडावाचून मरतात. ओहोळाच्या काठी तर मुळांचे तुकडे पाण्याबरोबर खाली जाऊन दुसऱ्याच्या आवारात रुजतात. बिया धरायच्या आत तुरे कापा, आणि मग लेस्टरच्या ताईंना सांगितलं तसं वरच्या बाजूने खाली येत मुळं काढा. मुळं ओहोळात टाकायची नाहीत. मोकळ्या झालेल्या उतारावर लगेच तिथली देशी झाडं लावा, उघडी माती ठेवलीत तर पहिला तोच परत येईल. स्थानिक कौन्सिलच्या तणांच्या यादीत काय लिहिलं आहे तेही बघून घ्या.

बाई, मी तुमची १९९४ च्या बॅचची विद्यार्थिनी. मे महिन्यात ग्रीसला गेलो होतो, तिथे पडक्या देवळांच्या दगडांतून अकॅन्थस उगवलेला पाहिला. पान खोल कातरलेलं आणि टोकाला खरे काटे. एका वाळलेल्या तुऱ्याची बोंडं पर्समध्ये टाकून आणली. पुण्यात गच्चीवर लावू का? – एक विद्यार्थिनी, पुणे

तुझं पत्र वाचून आनंद झाला, पण उत्तर तुझ्या मनासारखं नाही.

आधी कडू भाग. परदेशातून बी आणायची तर तिकडचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि आपल्याकडची क्वारंटाइनची परवानगी लागते. बीबरोबर बुरशी, विषाणू, किडीची अंडी येतात आणि एका पर्समधून आलेला रोग एका जिल्ह्याचं पीक खाऊ शकतो. हे मी तुम्हाला वर्गात शिकवलं आहे. ती बोंडं जाळून टाक. पेरू नकोस आणि कुंडीतही टाकू नकोस.

तू वर्णन केलंस ते पान अकॅन्थस स्पायनोससचं, मॉलिसचं काटेरी भावंड. पण दोन्हींची गोष्ट पुण्यात सारखीच होते. काही वर्षांपूर्वी विकत घेतलेल्या पाकिटातल्या मॉलिसच्या बिया मी इथे नोव्हेंबरात पेरल्या होत्या. चार रुजल्या. पहिली दोन पानं रुपयाएवढी, गोल, जाड. फेब्रुवारीपर्यंत पानं तळहाताएवढी झाली आणि मला वाटलं जमलं. मार्चच्या शेवटी ती पिवळी पडली, एप्रिलमध्ये गेली. झोपला असेल म्हणून कुंडी सावलीत कोरडी ठेवली. जूनमध्ये पाऊस आला. जुलैत कुंडी उलटी केली तर मुळांचा लगदा हातात आला.

त्याला गरमी आणि कोरडेपणा एकत्र हवा, थंडी आणि ओल एकत्र हवी. आपल्याकडे गरमी आणि ओल हातात हात घालून येतात. झोपेतल्या मुळावर चार महिने पाऊस पडतो. मातीत कितीही वाळू घाल, हवेतली वाफ कुठे जाईल? उष्ण, दमट देशातला अकॅन्थस हवाच असेल तर पश्चिम आफ्रिकेतला अकॅन्थस मॉन्टॅनस आहे. काळपट काटेरी पानं, गुलाबीसर तुरे, सावलीत सुखी. एखाद्या चांगल्या नर्सरीत रीतसर मिळाला तर मोठ्या कुंडीत लाव, मुंबई-कोकणात तो पुण्यापेक्षा बरा होईल.

पण खरं सांगू का, तुझ्या गच्चीला अकॅन्थसचं घराणं नवं नाही. तू लिहिलंस की कठड्याशी अडुळसा आहे. अकॅन्थसच्या कुळाला मराठीत अडुळशावरूनच वासक कुल म्हणतात. अडुळशाचं फूल तोड आणि बघ, तोच ओठ, त्याच जांभळ्या रेषा, फक्त इथे वरचा ओठ जागेवर आहे. पिवळी कोरांटी त्याच कुळातली, किराईत त्याच कुळातला. ज्या कारवीच्या काठ्यांनी आपल्याकडे कुडाच्या भिंती उभ्या राहिल्या आणि जी सात-आठ वर्षांनी एकदा सगळा डोंगर जांभळा करते, तीही यांच्यातलीच. अर्ध्या ड्रमात अडुळसा आणि त्याच्या पुढ्यात दोन कोरांट्या लाव. अडुळशाच्या फांद्या जुलैत खोचल्या की लागतात. फेब्रुवारीत फुलल्या की खोकल्याचा काढा करणाऱ्या घरांच्या आधी भुंगे येतील.

वेंगुर्ल्याहून दोन प्रश्न. खाडीच्या खारबांधावर मरांडी फुलली आहे, निळीजांभळी सुंदर फुलं. ती अकॅन्थसच आहे असं मुलगा म्हणतो. घराकडे आणून लावता येईल काय? आणि दुसरं, आईने लावलेल्या अबोलीच्या रांगेतली झाडं एकेक करून सुकत चालली आहेत. काय करावं? – एक वाचक, वेंगुर्ले

मुलगा बरोबर आहे. मरांडी म्हणजे अकॅन्थस इलिसिफोलियस, खाऱ्या पाण्यातला अकॅन्थस. माझं माहेर मालवणचं. वडिलांच्या खाजणातल्या शेताच्या बांधावर मरांडीची दाट रांग होती आणि आम्हा मुलांना ती अजिबात आवडत नसे, कारण अनवाणी पायांना पानांच्या कडांचे काटे लागत. तिच्या पानावर पहाटे बारीक पांढरे कण दिसतात. जीभ लावून पाहिलंत तर खारट लागतील. मुळाने घेतलेलं मीठ ती पानांतल्या ग्रंथींतून बाहेर टाकते. ब्रिस्टलला पहिल्यांदा मॉलिस फुललेला पाहिला तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द मरांडी हाच आला होता. मुलीला काहीच कळलं नाही. फूल तेच होतं, एका ओठाचं. फक्त रंग वेगळा आणि पायाखाली चिखल नव्हता.

ती घरी आणू नका. भरती-ओहोटीवर जगणारं झाड आहे, परसात ते दुबळं होईल. शिवाय कांदळवनातली झाडं तोडायला-उपटायला बंदी आहे. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने संबंध राज्यातल्या कांदळवनांची तोड थांबवली, आणि ते योग्यच झालं. मरांडीची मुळं तुमचा बांध धरून ठेवतात. ज्या बांधावरची मरांडी साफ केली तो बांध दुसऱ्या-तिसऱ्या पावसात फुटलेला मी लहानपणी पाहिला आहे आणि त्या वर्षी भात खाऱ्या पाण्याने गेलं. मुलाला होडीतून किंवा बांधावरून दाखवा. सूर्यपक्षी त्या फुलांवर येतात, सकाळी जा.

आता अबोली. या प्रश्नासाठी मी मुद्दाम जागा राखून ठेवली, कारण आईची अबोली सुकते तेव्हा घरात काय वाटतं हे मला माहीत आहे. आमच्या परसात विहिरीच्या पाटाला लागून अबोली होती आणि गुरुवारी संध्याकाळी आई दोऱ्यावर एकावर एक टाके घालत वळेसर करत असे. वास नसलेलं फूल, पण दुसऱ्या दिवशीही केसांत टवटवीत.

एकेक झाड रांगेने सुकतंय याचा अर्थ रोग मातीत आहे. सुकलेलं एक झाड उपटा आणि मुळं धुऊन बघा. मुळं काळपट, बारीक तंतू झडलेले आणि खोड चिरल्यावर आत तपकिरी रेषा दिसली तर ती मर, म्हणजे बुरशी. मुळांवर गाठी किंवा काळे डाग असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्याला न दिसणारे बारीक कृमी. अबोलीला बहुधा दोन्ही मिळून गाठतात, सूत्रकृमी मुळाला भोक पाडतात आणि बुरशी त्यातून आत शिरते. सुकलेलं झाड औषधाने परत येत नाही, ते मातीच्या गोळ्यासकट काढून जाळा. शेजारच्या झाडांना वाचवता येतं. प्रत्येकाच्या बुडात दोन मुठी निंबोळी पेंड मिसळा, ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी घातलेलं कुजलेलं शेणखत द्या, आणि रांगेच्या दोन्ही बाजूंना झेंडू लावा. झेंडूच्या मुळांजवळ सूत्रकृमी कमी होतात. पाणी साचत असेल तर सगळ्यात आधी त्याची वाट काढा, वेंगुर्ल्याच्या पावसात सपाट जमिनीवरची अबोली दर वर्षी बुडते. गादीवाफा वीतभर उंच हवा.

आणि त्याच जागेवर नवी अबोली दोन-तीन वर्षं लावू नका. दुसऱ्या जागी नव्याने सुरुवात करा, पण कशाने करायची ते तुमच्याकडे कुठली अबोली आहे यावर ठरतं. दिल्ली अबोली म्हणून जी गडद नारिंगी, मोठ्या फुलाची मिळते तिला बी धरत नाही, तिच्या फांद्याच लावाव्या लागतात. त्या निरोगी झाडाच्याच घ्या, सुकणाऱ्या रांगेतल्या अजिबात नको. आईची जुनी, फिक्या रंगाची गावठी अबोली असेल तर बी धरेल.

बी धरायची वेळ सांभाळा. अकॅन्थसचं बोंड वाळलं की तडकतं. ब्रिस्टलला मी स्वयंपाकघरात वर्तमानपत्रावर तुरा वाळत ठेवला होता, रात्री खिडकीच्या काचेवर बिया टणटण आदळून आम्ही सगळे उठलो. अबोलीचं उलट आहे. तिचं वाळलेलं बोंड ओल लागली की फुटतं. आम्ही ते जिभेवर ठेवून फुटायची वाट बघत असू. म्हणजे पहाटे दव पडलं की तुमच्या बिया गेल्या, झाडाखाली कुठेतरी. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी, ऊन तापल्यावर, तपकिरी झालेली बोंडं कोरड्या हाताने तोडा. सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून डब्यात ठेवा. मे अखेर एका वाटीत पाणी घ्या, बोंडं आत टाका आणि वर चाळणी झाका, नाहीतर बिया ओट्यावर उडतील. फुटलेल्या बिया त्याच दिवशी ओलसर मातीवर पेरा, वर अगदी पातळ माती, आणि पहिल्या जोराच्या पावसाआधी वाफ्यावर झावळ टाका.